न मिटलेला आठ

त्या गुरुवारी सकाळी फ्लास्क गढूळ असायला हवा होता. पाणी गढूळ व्हावं म्हणून कुणी देवाला हात जोडत नाही, पण आमच्या कामात तेही करावं लागतं. मी वसईतल्या एका कॉलेजात बायोटेक्नॉलॉजी शिकवते. तेव्हा तासिका तत्त्वावर लागले होते आणि पहिलंच वर्ष होतं. शुक्रवारी शेवटच्या वर्षाच्या अठरा मुलांची प्रॅक्टिकल परीक्षा होती, बाहेरचे परीक्षक येणार होते, आणि सकाळी नऊ वाजता प्रत्येकाच्या हातात ताज्या वाढलेल्या जिवाणूंची एक छोटी नळी ठेवायची होती. त्यातून मुलांनी प्लाझ्मिड वेगळं काढायचं. जिवाणू रातोरात भरपूर वाढले की आतलं पातळ खाणं गढूळ दिसतं. नाही वाढले तर परीक्षाच होत नाही.

प्रयोगशाळेत आम्ही दोघीच, मी आणि मावशी. मावशी पाचूबंदरची, ख्रिस्ती कोळ्यांच्या घरातली. दहावीपर्यंत शिकलेली आणि पंचवीस वर्षं त्याच खोलीत काढलेली. काचसामान धुणं, ऑटोक्लेव्ह लावणं, कपाटांना आणि बाटल्यांना चिठ्ठ्या डकवणं हे सगळं तिच्याकडे. ऑटोक्लेव्हला ती कुकर म्हणायची. फ्लास्कच्या तोंडाशी नाक नेऊन आत वाढलंय की नाही ते सांगायची. असं नाक लावू नका म्हणून मी तिला दहादा बजावलं होतं, आणि मग यंत्रावर मोजल्यावर दहादा तिचंच बरोबर निघालं होतं. चारचौघांत ती मला मॅडम म्हणायची आणि दोघीच असलो की बाय.

मे अखेरीला ती निवृत्त होणार होती. तिचं एकच मागणं होतं. शेवटच्या दिवसापर्यंत इथंच राहू द्या, लॅबची किल्ली माझ्या हातानं देते. हे मागावं लागत होतं, कारण प्रयोगशाळेला शिकलेलं माणूस हवं असं आमच्या विभागप्रमुख सरांच्या मनात कधीपासून होतं. मावशीला खालच्या मजल्यावर रेकॉर्ड रूममध्ये बसवायचं त्यांनी दोनदा बोलून दाखवलं होतं. त्यांना फक्त एखादं निमित्त हवं होतं. परीक्षेचा आठवडा सुरू झाला तेव्हा मावशी मला म्हणाली, "बाय, ही माजी शेवटची परीक्षा. नीट पार पडू दे, मग मना कोन हलवत नाय." मी म्हटलं, मावशी, तुम्ही निर्धास्त राहा. हे मी म्हणावं! मी, जी घरातून निघाल्यावर गॅस बंद केला का ते बघायला तीन मजले परत चढून जाते.

माझा स्वभाव मुळातच धसका घेणारा. आम्ही गोखिवऱ्याला राहतो. तिथं दिवे गेले की मला वाटायचं कॉलेजातलेही गेले असणार, शेकर थांबला असणार, जिवाणू तळाशी बसले असणार. शेकर म्हणजे फ्लास्क ऊबेत ठेवून रात्रभर घुसळत राहणारं यंत्र. आमचा शेकर एकदा वीज गेली की ती आल्यावर आपोआप चालू होत नसे, बटण दाबावं लागे. त्यामुळे परीक्षेच्या आठवड्यात मी घरी जेवतानाही पंख्याकडे बघत होते. पंखा फिरतोय म्हणजे सगळं ठीक, असं काहीतरी. घरचे हसायचे. मला मात्र घास उतरत नव्हता.

आता प्लाझ्मिडचं थोडं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. काही जिवाणूंच्या पोटात त्यांच्या नेहमीच्या डीएनएखेरीज एक जास्तीची चिमुकली कडी असते. तेच प्लाझ्मिड. आमच्याकडच्या कडीत अँपिसिलिन नावाचं औषध पचवायची ताकद होती. म्हणून त्यांच्या खाण्यात आम्ही ते औषधच मिसळतो. ज्यांच्या पोटात कडी आहे ते जगतात आणि वाढतात, बाकीचे मरतात. विरजणाचे हे जिवाणू फ्रीजरमध्ये, खोक्यात, बोटाच्या पेराएवढ्या नळ्यांमध्ये गोठवून ठेवलेले असतात. नळीवर फक्त नंबर, बाकी माहिती वहीत. वहीत लिहिलं होतं की चार नंबर म्हणजे कडीवाले, आणि आठ नंबर म्हणजे तेच जिवाणू पण कडी नसलेले. हे आठ नंबरवाले फक्त तुलना दाखवण्यापुरते कामाला येत.

मंगळवारी संध्याकाळी मी फ्रीजर उघडून चार नंबरची नळी काढली आणि त्यातला कणभर बर्फ साध्या खाण्याच्या छोट्या नळीत टाकला. साध्या म्हणजे बिनऔषधाच्या. गोठलेल्या जिवाणूंना आधी जरा सावरू द्यावं, मग औषध द्यावं, असा मी विचार केला होता. बुधवारी सकाळी ती नळी छान गढुळली. माझा जीव भांड्यात पडला. त्याच संध्याकाळी मावशीनं तयार ठेवलेल्या मोठ्या फ्लास्कमध्ये मी औषध घातलं, गढूळ नळी ओतली, शेकर चालू केला, बंद केला, पुन्हा चालू केला, आणि घरी गेले.

गुरुवारी सकाळी फ्लास्क कोऱ्या चहाच्या पाण्यासारखा स्वच्छ होता. पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर त्यातून वाचता येत होतं. मी तो उजेडाकडे धरला, हलवला, पुन्हा धरला. मावशीनं तो माझ्याकडून घेतला, कापसाचं बूच काढून तोंडाशी नाक नेलं. "पानी हाय हे," ती म्हणाली. "वास पन नाय." त्या वेळी मी तिला नाक लावू नका असं म्हटलं नाही.

तेवढ्यात सर आले. मागून दोन मुली जर्नलवर सह्या घ्यायला आल्या. सरांनी फ्लास्ककडे बघितलं, मग माझ्याकडे. "काय झालं मॅडम? उद्या परीक्षा आहे." जुलैत माझी पुन्हा मुलाखत होती आणि हेच सर समोर बसणार होते. त्या क्षणी डोक्यात जे आलं ते मी धडाधड बोलून टाकलं. "छोट्या नळीत वाढलेत सर. म्हणजे जिवाणू जिवंत आहेत. फ्लास्कमध्येच काहीतरी... साबण राहिला असेल."

राहिलाय असं मी म्हटलं नाही, राहिला असेल असं म्हटलं. त्या 'असेल'ला धरून पुढे किती दिवस मी स्वतःची समजूत घातली ते माझं मला माहीत. पण ऐकणाऱ्यांनी 'असेल' ऐकलंच नाही. सर मावशीकडे वळले. "मावशी, वय झालं आता. नजर कमी झालीय तुमची. मी किती दिवस सांगतोय." मावशीचा चेहरा उतरला. "सर, मी पाच पान्यातून काढते. पाच साधी, एक डिस्टिलची," ती म्हणाली. सरांनी हात हलवला आणि मला म्हणाले, "उद्या नऊ वाजता मला कल्चर हवंय." मुली एकमेकींकडे बघत जर्नल घेऊन निघून गेल्या.

मावशीनं कपाट उघडलं आणि आतले सगळे फ्लास्क खाली उतरवले. धुऊन, वाळवून, कागद बांधून ठेवलेले. एकेकाचा कागद सोडून ती नळाखाली धरायला लागली. पाच साधी, एक डिस्टिलची. मी म्हटलं, मावशी, अहो, सगळे कशाला? "राहिला असंल साबन, मॅडम," ती म्हणाली. खोलीत आम्ही दोघीच होतो.

मला तिथं थांबवेना. दुपारी मात्र नवीन विरजण घ्यायला फ्रीजरपाशी यावंच लागलं. खोक्यात बर्फ साचला होता. चमच्यानं खरवडताना मागच्या कोपऱ्यात चिकटलेली एक नळी सुटून पुढं आली. तिच्यावर इंग्रजी चार होता, सरळ रेघांचा, टोकदार. माझ्या हातात आधीची नळी होती, तिच्यावरही चार. एका खोक्यात दोन चार कसे, म्हणून मी दोन्ही नळ्या खिडकीत नेल्या.

आमच्या प्रयोगशाळेत आकड्यांची खिचडी होती. माझ्या आधीच्या मॅडम इंग्रजीत लिहायच्या. त्यांनी लिहिलेली शाई पुसली की मावशी आपल्या वळणानं मराठी आकडे घालायची. कपाटावर ४, वॉटर बाथवर २, नळ्यांच्या निम्म्या खोक्यावर तसंच. मीही माणिकपूरच्या मराठी शाळेत शिकलेली. पाढे मराठीत, बसचे नंबर मराठीत. मराठी आकडा दिसला की डोळे आधी तोच वाचतात. आणि मंगळवारी मी जो वाचला तो मराठी चार नव्हता. तो आधीच्या मॅडमनी घाईत काढलेला इंग्रजी आठ होता, ज्याचं वरचं तोंड मिटलंच नव्हतं. खाली एक गाठ आणि वर दोन उघडे हात. कुणीही मराठी शाळेतलं पोर त्याला चारच म्हणालं असतं.

खिडकीत उभ्या उभ्या मला सगळं कळलं. बिनकडीचे जिवाणू साध्या खाण्यात वाढले, कारण तिथं औषध नव्हतं. फ्लास्कमध्ये औषध होतं, म्हणून मेले. साबण नव्हता. असायचं कारणच नव्हतं. फ्लास्कनं आपलं काम चोख केलं होतं, माझ्या औषधानंही केलं होतं. मला इतकी लाज वाटली की कान गरम झाले. मागं नळ चालूच होता.

आधी काम उरकलं. टोकदार चारमधला बर्फ थेट औषधाच्या फ्लास्कमध्ये टाकला. मधली छोटी नळी वगळली, कारण तेवढा वेळच नव्हता. फ्लास्क मावशीनं पुढं केला तो इतका लख्ख होता की मला त्याला हात लावायलाही धीर होईना. शेकर सुरू झाल्यावर ती पिशवी घेऊन निघाली, आणि मी मागोमाग जाऊन तिला जिन्यात गाठलं. खालून वर कुणी येत नाही ना ते मी बघून घेतलं होतं. हेही लिहायला हवं.

"मावशी, चूक माझी होती," मी म्हटलं. "मी आठाला चार वाचलं. फ्लास्क स्वच्छ होता."

ती दोन पायऱ्या खाली होती. तिनं माझ्याकडं बघितलं. उपासाचे दिवस होते, ईस्टर जवळ आला होता. "कुमसार करते का?" ती म्हणाली. फादरसमोर पडद्याआड आपली पापं सांगायची, त्याला त्यांच्यात कुमसार म्हणतात. "ते चर्चमंदी, फादरकडं. मना सांगून काय? फ्लास्क साफ होता ते मना म्हायीत हाय. बोललीस ती चारचौघात, आनि सांगतेस ती जिन्यात."

मी म्हटलं, उद्या परीक्षा होऊ दे मावशी, मी सरांना सांगते. ती खाली उतरली.

त्या रात्री गोखिवऱ्यात दिवे गेले नाहीत. तरी मी झोपले नाही.

शुक्रवारी फ्लास्क गढूळ होता. असा दाट, पिवळसर, हलवला की आत धुरासारखं फिरणारा. मी अक्षरशः हात जोडले. परीक्षा सुरू झाली. मुलांनी नळ्या फिरवल्या, पेशी फोडल्या, शेवटी गार अल्कोहोल घातलं, आणि दुपारी यंत्रावर प्लाझ्मिडचे पट्टे अठरापैकी सोळा जणांचे चमकले. बाहेरचे परीक्षक खूश झाले. सरांना म्हणाले, तुमचं कल्चर उत्तम आहे हो. सर मोकळेपणानं हसले. "काल विचारायला हवं होतं! काल आमच्या मावशींनी जिवाणूंना साबणाचं पाणी पाजलं होतं."

सगळे हसले. परीक्षक हसले, मुलं हसली. मावशी कोपऱ्यात वापरलेल्या नळ्या गोळा करत होती. बोलायची वेळ हीच होती. यापेक्षा चारचौघांतली वेळ कुठली असणार? माझ्या घशाशी वाक्यही आलं होतं. मग परीक्षकांनी माझ्याकडं बघितलं, आणि मला जुलैची मुलाखत दिसली, आणि चार-आठ न कळणारी बाई असं माझं नाव पडलेलं ऐकू आलं. मीही हसले.

सोमवारी सरांनी मावशीला रेकॉर्ड रूममध्ये बसायला सांगितलं. पुढच्या दोन महिन्यांसाठीच, दगदग नको म्हणून, असं ते म्हणाले. लॅबची किल्ली त्यांनी तिच्याकडून घेऊन माझ्या हातात दिली. मी ती घेतली. किल्लीला तिच्या पदराची ऊब होती आणि मी ती पटकन पर्समध्ये टाकली.

एप्रिल-मे मी मागच्या जिन्यानं ये-जा केली. पुढचा जिना रेकॉर्ड रूमवरून जातो. रोज ठरवायचे, आज सरांच्या केबिनमध्ये जायचं. दोनदा दारापर्यंत गेलेही. एकदा ते फोनवर होते, एकदा नव्हते, तरी मी परत फिरले. घरी मी सगळ्यांवर चिडचिड करायला लागले. आई म्हणाली, परीक्षा झाली ना तुझी, आता कसली काळजी? तिला काय सांगणार? फ्लास्क मीच धुवायचे आता. पाच साधी, एक डिस्टिलची. धुऊन झाल्यावर उजेडात धरून बघायचे आणि पुन्हा धुवायचे.

मेच्या शेवटच्या दिवशी स्टाफरूममध्ये निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, वेफर्स, सामोसे. प्राचार्य होते, सर होते, ऑफिसची माणसं होती, सुट्टी असूनही काही मुलं आली होती. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी बोलले. मावशींची माया, मावशींचे कष्ट, मावशींशिवाय लॅब सुनी. टाळ्या पडल्या. खाली बसताना मला माझीच किळस आली.

मग मावशीच्या हातात माइक दिला. तिला कधी कुणी माइक दिला नसावा, तिनं तो दोन्ही हातांनी धरला. सगळ्यांचे आभार मानले. माजं काही चुकलं असंल तर माफी, म्हणाली. मग थांबली. आता संपलं असं वाटून एकदोघांनी टाळ्यांसाठी हात उचलले.

"पंचवीस वर्सं फ्लास्क धुतले," ती म्हणाली. "येक पन घान नव्हता. त्या दिवसाचा पन नाय."

स्टाफरूममध्ये कुणाला काही कळलं नाही. सर शेजाऱ्याकडं वाकून हळूच म्हणाले, "कुठल्या दिवसाचा?" ते खरंच विसरले होते. परीक्षा, थट्टा, साबण, सगळं. त्यांच्या लेखी ती एक गंमत होती, त्या गमतीपायी एक बाई दोन महिने खालच्या मजल्यावर धूळ झटकत बसली होती, आणि आठवण फक्त आम्हा दोघींना होती. मी गप्प राहिले असते तर ते वाक्य तिथंच विरून गेलं असतं आणि सामोसे वाटले गेले असते.

मी उभी राहिले. खुर्ची मागं पडली. माझा आवाज मलाच चिरका वाटला. "परीक्षेच्या आदल्या दिवशी कल्चर वाढलं नाही, ते माझ्यामुळं," मी म्हटलं. "मी चुकीची नळी काढली. आठाला चार वाचलं. फ्लास्क स्वच्छ होता. मला त्याच दुपारी कळलं होतं आणि मी सांगितलं नाही. सरांना नाही, कुणालाच नाही. परीक्षेत सगळे हसले तेव्हा मीही हसले."

कुणीतरी वेफर्सची बशी खाली ठेवली. प्राचार्य माझ्याकडं बघत होते. सर टेबलावरच्या कागदाकडं बघत होते. मी तशीच उभी राहिले.

मावशीनं माइक खाली घेतला. शाल खांद्यावरून घसरत होती ती सावरली आणि मला म्हणाली, "हां. आता बस."